साथीच्या सावलीतले ताप

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस राजधानीपासून जेमतेम अडीचशे किलोमीटरवर असलेल्या फिरोजाबाद या बांगड्यांच्या शहरात मुले तापाने दगावू लागली, तेव्हा अनेकांच्या मनात पहिली शंका आली ती करोनाच्या तिसऱ्या लाटेची. ही शंका अगदीच अनाठायी होती, असे म्हणता येणार नाही. दुसऱ्या लाटेच्या जखमा ताज्या होत्या आणि तिसरी लाट लहान मुलांना गाठणार, हे भाकीत त्या दिवसांत घरोघरी पोहोचले होते. प्रत्यक्षात करोनाच्या चाचण्या नकारात्मक येत राहिल्या आणि मृतांची संख्या मात्र वाढत गेली. केंद्राचे पथक तेथे पोहोचले, नमुने तपासले गेले, तेव्हा बहुतेक रुग्ण डेंग्यूचे आणि काही स्क्रब टायफस व लेप्टोस्पायरोसिसचे असल्याचे स्पष्ट झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक बलराम भार्गव यांनी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मथुरा, आग्रा आणि फिरोजाबाद येथील मृत्यूंमागे डेंग्यूच्या विषाणूचा ‘डी-२’ हा प्रकार असल्याचे जाहीर केले. तोवर एकट्या फिरोजाबादेतील बळींची संख्या पन्नाशीपलीकडे गेली होती आणि त्यांत बहुतांश मुलेच होती.

यातील एकही आजार नवा नव्हता. पावसाळ्याच्या उत्तरार्धात उत्तर भारतात हे ताप दरवर्षी येतात. त्यांची लक्षणे वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतात आणि त्यांचे उपचारही महागडे नाहीत. मग शासनयंत्रणेला ते ओळखण्यास विलंब का व्हावा? हा प्रश्न केवळ उत्तर प्रदेश सरकारला विचारून भागणार नाही. महासाथीच्या काळात तापाच्या रुग्णाकडे पाहण्याची जी सवय दिल्लीपासून तालुक्यापर्यंतच्या यंत्रणेला जडली, तिच्यात या विलंबाचे मूळ आहे. ही यंत्रणा तापाच्या रुग्णाला एकच प्रश्न विचारते: ‘तो’ आजार आहे की नाही? उत्तर ‘आहे’ असे आले, तर रुग्णाची नोंद होते, विलगीकरण होते, उपचार सुरू होतात. उत्तर ‘नाही’ असे आले, तर शासनाच्या लेखी प्रकरण निकाली निघते. रुग्णाचा ताप मात्र कायम असतो आणि तो कशाचा, हा दुसरा प्रश्न विचारणारे त्या रांगेत कोणीही नसते.

या सवयीचा इतिहास करोनापेक्षा जुना आहे. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून रोजी स्वाइन फ्लूची जागतिक साथ घोषित केली. भारतातील पहिला रुग्ण त्याआधीच, १६ मे रोजी हैदराबादेत आढळला होता. ३ ऑगस्टला पुण्यात देशातील पहिला बळी गेला, तो एका चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीचा. त्यानंतर पुण्याच्या नायडू रुग्णालयासमोर आणि दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात ज्या रांगा लागल्या, त्या अनेक वाचकांना आठवत असतील. त्या वेळी नमुने तपासण्याची सोय प्रामुख्याने दिल्लीतील राष्ट्रीय संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत होती. सरसकट सर्वांची चाचणी करणे अशक्यच होते. या अडचणीतून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांचे ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ असे तीन गट पाडले व ऑक्टोबर २००९ मध्ये त्यांत सुधारणा केली. सौम्य ताप आणि खोकला असलेल्या ‘अ’ गटातील रुग्णाची चाचणी न करता त्याला घरीच ठेवावयाचे आणि २४ ते ४८ तासांनी पुन्हा तपासावयाचे. तीव्र लक्षणे असलेला किंवा गरोदर स्त्रिया, वृद्ध, दीर्घकालीन व्याधिग्रस्त अशा जोखमीच्या वर्गातील रुग्ण ‘ब’ गटात. धाप, छातीत दुखणे, गुंगी, रक्तदाब घसरणे, थुंकीतून रक्त, नखे निळी पडणे यांपैकी काहीही आढळले, तर तो ‘क’ गटात आणि थेट रुग्णालयात.

अपुऱ्या साधनांतून जन्मलेल्या या वर्गीकरणात एक शहाणपण दडलेले होते. रुग्णाला दाखल करून घ्यावे की नाही, हे चाचणीच्या निकालावरून ठरत नव्हते. ते त्याच्या प्रकृतीवरून ठरत होते. गुंगी आणि घसरलेला रक्तदाब ही लक्षणे स्वाइन फ्लूचीच मक्तेदारी नव्हेत. मेंदूपर्यंत पोहोचलेला हिवताप, रक्तात भिनलेला जंतुसंसर्ग, शेवटच्या टप्प्यातील डेंग्यू या साऱ्यांत ती दिसतात. म्हणजे फ्लूसाठी आखलेली ही चाळणी इतर गंभीर रुग्णांनाही नकळत अडवून धरत होती. चोवीस तासांनी पुन्हा तपासण्याचा नियमही तितकाच मोलाचा होता. कारण पहिल्या दिवशी सारखे दिसणारे ताप तिसऱ्या दिवशी आपापले खरे रूप दाखवू लागतात.

इंग्लंडने त्याच वर्षी नेमका उलटा मार्ग धरला. २३ जुलै २००९ रोजी तेथे दूरध्वनी व इंटरनेटवरून चालणारी राष्ट्रीय फ्लू सेवा सुरू झाली. ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि डॉक्टरला न भेटताच फ्लूचे औषध मिळवावे, अशी ती योजना होती. डॉक्टरांच्या दारावरील गर्दी कमी करण्याचा तिचा हेतू योग्यच होता. तथापि, फ्लूचा शिक्का बसलेल्या रुग्णांत प्रत्यक्षात अन्य जीवघेणे संसर्ग निघाल्याच्या नोंदी पुढे तेथील वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या. प्रगत देशातील सुसज्ज यंत्रणेचीही जेथे ही स्थिती, तेथे आपली काय कथा!

२०२० मध्ये करोना आला आणि काही महिन्यांतच चाचण्या मुबलक झाल्या. ही निःसंशय मोठी कामगिरी होती. परंतु तिच्याबरोबर चाळणीचा निकषही बदलला. प्रकृतीची जागा अहवालाने घेतली. रुग्णालयाच्या दारात माणसापेक्षा कागद महत्त्वाचा ठरू लागला. अखेर ८ मे २०२१ रोजी केंद्राला असा आदेश काढावा लागला की, करोना केंद्रात दाखल होण्यासाठी सकारात्मक अहवाल अनिवार्य नाही आणि कोणत्याही कारणास्तव रुग्णाला सेवा नाकारता येणार नाही. आदेश काढावा लागला, यातच जमिनीवर काय चालले होते याची कबुली होती.

दोन आजार एकाच शरीरात वस्ती करू शकतात, याचे सर्वांत ठळक उदाहरण राजधानीनेच पाहिले. सप्टेंबर २०२० मध्ये दिल्लीचे तत्कालीन उपमुख्यमंत्री मनीष सिसोदिया यांना करोनाची बाधा झाली आणि लोकनायक रुग्णालयात असतानाच त्यांना डेंग्यू असल्याचेही निष्पन्न झाले. त्यांना दुसऱ्या रुग्णालयात हलवण्यात आले आणि ते बरे झाले. उपमुख्यमंत्र्यांची दुसरी तपासणी होते. सीमापुरीच्या मजुराची ती होईल, याची हमी कोण देणार? पुढच्याच महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने करोनासोबत येणाऱ्या हंगामी आजारांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. डेंग्यू, हिवताप, चिकुनगुनिया, हंगामी फ्लू, लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस ही नावे त्यांत होती. एका आजाराची चाचणी सकारात्मक आली म्हणून दुसरा नाही असे समजू नये, हे तत्त्वही स्पष्ट शब्दांत होते. सूचना उत्तम होत्या. मात्र त्या आल्या ऑक्टोबरच्या मध्यावर, म्हणजे पावसाळा सरल्यानंतर. पुढील वर्षी ऑगस्टमध्ये त्या प्रत्येक जिल्ह्याच्या टेबलावर असायला हव्या होत्या.

आकडे काय सांगतात? २०२० मध्ये देशात डेंग्यूचे सुमारे ४४ हजार ६०० रुग्ण नोंदले गेले. २०२१ मध्ये ही संख्या १ लाख ९३ हजारांवर गेली. दिल्लीत २०२१ साली ९,६१३ रुग्ण आणि २३ मृत्यू नोंदले गेले. २०१५ नंतरचा तो उच्चांक होता. टाळेबंदीमुळे २०२० मध्ये प्रसार काही अंशी खरोखरच घटला असेल. पण ज्याचा शोधच घेतला जात नाही, ते सापडत नाही, हेही तितकेच खरे. क्षयरोगाच्या बाबतीत तर याविषयी शंकेला फारसा वाव नाही. २०१९ मध्ये देशात क्षयाच्या २४ लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती १८ लाखांच्या घरात आली. मंदगतीने पसरणारा हा आजार एका वर्षात पाव हिश्शाने घटत नसतो. सहा लाखांची ही तूट प्रामुख्याने निदानाची होती. खोकला आणि ताप घेऊन आलेल्या माणसाची नाकातील स्रावाची चाचणी झाली, थुंकीची झाली नाही. क्षयासाठी घेतलेली यंत्रेही अनेक ठिकाणी करोनाच्या कामाला जुंपली गेली. ऑगस्ट २०२० मध्ये दोन्ही आजारांची एकत्रित तपासणी करण्याचे निर्देश निघाले. तरी नोंदींची पातळी पूर्ववत होण्यास २०२२ उजाडावे लागले.

चुकलेल्या निदानाची किंमत केवळ विलंबाची नसते. या आजारांचे उपचार कधी कधी परस्परविरोधी असतात. करोनाच्या गंभीर रुग्णाला रक्त पातळ करणारी औषधे आणि स्टेरॉइड दिली जातात. डेंग्यूच्या रुग्णात रक्त पातळ करणारे तेच औषध रक्तस्रावाला निमंत्रण ठरू शकते. डेंग्यूत शरीरातील द्रवाचे गणित तासातासाला सांभाळावे लागते. करोनाग्रस्त फुप्फुसांना जादा द्रव सोसत नाही. शिवाय डेंग्यूची एक फसवी रीत आहे. त्यातील सर्वांत धोक्याचा काळ ताप उतरताना येतो. पोटात तीव्र वेदना, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, विलक्षण थकवा ही चिन्हे तेव्हाच दिसू लागतात. कपाळावर रोखलेली तापमापक बंदूक नेमकी त्याच वेळी ‘सर्व ठीक’ म्हणते आणि रुग्ण दारातून आत जातो किंवा घरी परततो.

स्क्रब टायफसची गोष्ट वेगळीच आहे. बारीक किडीच्या चाव्याच्या जागी, बहुधा काखेत, जांघेत किंवा कमरेजवळ, सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. ती दिसली की निदान जवळजवळ हाती येते आणि डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने रुग्ण बरा होतो. परंतु ती पाहण्यासाठी रुग्णाचे अंग तपासावे लागते. दोन मीटर अंतरावरून किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून ती दिसत नाही. मेंदूज्वरात मान ताठरते, प्रकाश सहन होत नाही, दाबूनही न मावळणारे लाल-जांभळे ठिपके अंगावर उमटतात. तेथे उशीर तासांत मोजला जातो. २००५ च्या उन्हाळ्यात दिल्लीने मेंदूज्वराची साथ अनुभवली आहे. फॅल्सिपेरम हिवताप ओळखणारी पट्टी वीस मिनिटांत उत्तर देते. ती वापरली नाही, तर हाच हिवताप काही दिवसांत प्राण घेऊ शकतो. आणि चूक उलट्या दिशेनेही होते. २०२० च्या आरंभी सिंगापूरमध्ये दोन रुग्णांची डेंग्यूची झटपट चाचणी सकारात्मक आली. प्रत्यक्षात तो करोना होता. तात्पर्य, कोणतीही एक चाचणी पूर्ण निदान नव्हे.

पहिल्या निदानाची छाया किती काळ टिकू शकते, हे पाहायचे तर गोरखपूरकडे पाहावे. तेथे १९७८ पासून मुलांच्या मेंदूज्वराच्या साथी जपानी मेंदूज्वराच्या नावाने ओळखल्या गेल्या. २००५ च्या भीषण साथीनंतर लसीकरण झाले, जपानी मेंदूज्वर घटला; मुले मात्र दगावतच राहिली. गेल्या दशकातील संशोधनाने दाखवून दिले की, या रुग्णांतील मोठ्या हिश्शामागे स्क्रब टायफस होता. एका आजाराच्या नावाखाली दुसरा आजार वर्षानुवर्षे वावरत होता आणि त्याचे औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येण्याजोगे होते.

राजधानीतील राजकारणाच्या अभ्यासकाला यात एक परिचित दोष दिसेल. आपल्याकडे आजार हे कार्यक्रमांत वाटलेले आहेत. डासांचे आजार एका विभागाकडे, क्षयरोग दुसऱ्याकडे, साथींवरील पाळत तिसऱ्याकडे. प्रत्येकाचा निधी, उद्दिष्ट आणि मासिक अहवाल स्वतंत्र. रुग्णाचा ताप मात्र विभागवार येत नाही. दिल्लीत या वाटणीला राजकीय सीमारेषाही जोडल्या गेल्या. करोनाकाळात एम्स, सफदरजंग, राममनोहर लोहिया ही रुग्णालये केंद्राची; लोकनायकसारखी रुग्णालये आणि चाचणी केंद्रे आम आदमी पक्षाच्या राज्य सरकारची; तर डास-निर्मूलन आणि डेंग्यूची आकडेवारी भाजपच्या ताब्यातील तीन महापालिकांची, ज्या पुढे मे २०२२ मध्ये एकत्र झाल्या. करोनाचा आकडा एकाच्या यशापयशाचा, डेंग्यूचा आकडा दुसऱ्याच्या. अशा स्थितीत ‘करोना नाही’ हे उत्तर एका सरकारला दिलासा देणारे ठरते आणि ‘मग काय आहे’ हा प्रश्न कोणाच्याच कार्यकक्षेत उरत नाही. सार्वजनिक आरोग्य हा घटनेने राज्यांकडे सोपवलेला विषय आहे, या वाक्याचा आधार मग दोन्ही बाजूंनी घेतला जातो.

खेदाची बाब अशी की, योग्य पद्धत शासनाच्या दप्तरात आधीपासूनच आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पात आरोग्यसेविकेने भरावयाचा ‘एस’ हा नमुना आहे. त्यात आजाराचे नाव लिहावयाचे नसते. लक्षणे लिहावयाची असतात. सात दिवसांपेक्षा कमी ताप: नुसता ताप, पुरळासह, रक्तस्रावासह, की गुंगी वा बेशुद्धीसह? सात दिवसांपेक्षा जास्त ताप? या साध्या रकान्यांत बहुतेक धोकादायक ताप सामावतात. एप्रिल २०२१ पासून ही व्यवस्था एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर संगणकीकृत झाली. महासाथीत मात्र तिच्या शेजारी एका आजाराची स्वतंत्र, प्रचंड यंत्रणा उभी राहिली आणि साऱ्यांचे लक्ष तिच्याकडे गेले.

दिल्लीतील आणि देशभर विखुरलेल्या मराठी मंडळींच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक बाजू आहे. करोनाकाळात ‘कुठून आलात?’ या प्रश्नाचा अर्थ परदेश किंवा प्रतिबंधित क्षेत्र एवढाच उरला होता. वस्तुतः तापाच्या निदानात हा प्रश्न फार मोठा आहे. गणपतीसाठी कोकणात जाऊन, शेतात किंवा चिखलपाण्यात वावरून परतलेल्या माणसाला आठ-दहा दिवसांनी ताप आला, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यायला हवी. दिल्लीतील डॉक्टरला ती सुचेलच असे नाही. राज्यातील हिवतापाचा मोठा भार वाहणाऱ्या गडचिरोलीतून आलेला अधिकारी किंवा जवान हिवताप सोबत आणू शकतो. सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात २०१६ पासून आढळलेला माकडताप हिवाळा-उन्हाळ्यात जंगलातील गोचिडांमुळे होतो. राजधानीत त्याचे नावही फारसे कोणी ऐकलेले नाही. म्हणून रुग्णाने किंवा नातलगांनी गाव, काम, प्रवास आणि तापाचा पहिला दिवस ही माहिती न विचारता सांगावी. चाचणी नकारात्मक आली, तर ‘मग हा ताप कशाचा?’ असे विचारण्यात संकोच बाळगू नये.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. शेकडोंची रांग, संरक्षक पोशाखात घामाघूम झालेला एक डॉक्टर, अपुरे कर्मचारी; अशा वेळी प्रत्येक तापाचे मूळ शोधत बसणे शक्य आहे काय? नाही; आणि तशी अपेक्षाही नाही. अपेक्षा मर्यादित आहे. तापाच्या प्रत्येक रुग्णाची धोक्याची चिन्हे अहवालाची वाट न पाहता तपासली जावीत आणि ती आढळल्यास दाखल करण्यासाठी कोणताही अहवाल मागितला जाऊ नये. त्या जिल्ह्यात त्या महिन्यात संभवणाऱ्या चार-पाच तापांची यादी प्रत्येक केंद्रावर असावी आणि हिवताप व डेंग्यूच्या चाचण्या त्याच खिडकीवर व्हाव्यात. नकारात्मक अहवालाच्या कागदावरच केव्हा परत यावे आणि कोणती लक्षणे दिसल्यास थांबू नये, हे रुग्णाच्या भाषेत छापलेले असावे. आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला वा ताप असलेल्याची थुंकी तपासल्याविना त्याला सोडू नये. यासाठी नवे रुग्णालय बांधावे लागत नाही. तिजोरीवर डोळ्यांत भरणारा भारही पडत नाही.

नीती आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञगटाचा भावी महासाथींच्या सज्जतेविषयीचा अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. साथ उद्भवल्यानंतरच्या पहिल्या शंभर दिवसांत काय करावे, यावर त्याचा भर आहे आणि सार्वजनिक आरोग्य आणीबाणीसाठी स्वतंत्र कायद्याची शिफारसही त्यात आहे. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी महासाथ कराराला मान्यता दिली. लसी, नमुने, निधी, अधिकार या सर्वांची चर्चा आवश्यकच आहे. परंतु भारतात महासाथ येईल, तेव्हा त्या शंभर दिवसांत कुठे ना कुठे पावसाळा असेल, डास असतील, क्षयाचे रुग्ण असतील. कायद्याचा मसुदा कधी तयार झालाच, तर नकारात्मक चाचणीच्या रुग्णाविषयी यंत्रणेचे कर्तव्य सांगणारे एक कलम त्यात असावे, हा आग्रह लोकप्रतिनिधींनी धरायला हवा. त्या कलमावरून सभागृहात गदारोळ होणार नाही आणि वृत्तवाहिन्यांवर चर्चाही रंगणार नाहीत. पण चाचणी केंद्रातून ‘आपल्याला काही झालेले नाही’ अशा समजुतीने घरी परतणाऱ्या तापकऱ्याचा जीव बहुधा त्याच्यावरच अवलंबून असेल.